चार फुटांची भिंत

सामानाचा ट्रक दारात लागला होता, हमाल कपाट घेऊन पायऱ्या चढत होते, आणि त्याच वेळी धाकट्या नणंदेच्या नव्या घरातली भिंत सून पहारीने उचकटत होती. भिंतीच्या रंगाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता.

"अगं, वेड लागलं का तुला?" तिचा नवरा ओरडला.

आतल्या बाजूचा पातळ बोर्ड कडकड करत सुटला आणि पांढरी धूळ सगळ्यांच्या अंगावर उडाली. तिनं टॉर्च आत धरला, गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातल्या खांबाचा पाय पाहिला. खांब उत्तम होता. जाड, सरळ, एक गाठ नाही. पण तो खालच्या तळपट्टीवर नुसता उभा होता, दोन तिरक्या खिळ्यांच्या भरवशावर. त्याला पायाच्या काँक्रीटशी जखडून ठेवणारा लोखंडी पट्टा तिनं नकाशात काढला होता. तो तिथं नव्हताच.

"बाबा, पट्टे कुठे आहेत?"

सासरे दारात हाताची घडी घालून उभे होते. चाळीस वर्षं लाकडी घरं बांधणारा हा माणूस. त्यांना घरचे सोडून सगळे मिस्त्रीच म्हणत. "मी बांधलेलं घर आहे ते," ते म्हणाले. "तंबू नाही, दोऱ्यांनी बांधून ठेवायला."

"आणि दरीकडच्या बाजूला, काचेच्या दोन्ही कडांना चार-चार फुटांची भिंत काढली होती मी. ती कुठंय?"

"ती मी गाळायला लावली," नणंद म्हणाली. तिला दोन मुलं होती, डोक्यावर चार पांढरे केस आले होते, तरी घरात ती अजून बेबीच होती. "मला या टोकापासून त्या टोकापर्यंत काच हवी होती. घर माझं आहे, वहिनी."

"नकाशा माझा आहे."

"मग तुमचा नकाशा घेऊन जा की तुमच्या घरी!"

कपाट घेतलेले हमाल मधल्या मध्ये अडकले होते. खाली ठेवावं की परत न्यावं, ते कुणीच सांगेना.

खरं तर सुनेनं तीनदा बजावलं होतं: भिंती बंद करायच्या आधी मला बोलवा. सांगाडा उघडा असतानाच सगळं दिसतं, नंतर रंगाखाली काय दडलंय ते देवालाच ठाऊक. पालिकेच्या परवानगीला इंजिनीअरची सही लागते, म्हणून घरातल्याच माणसाची घेतली. सहीपुरती ती त्यांना हवी होती. कामाच्या वेळी कुणाला तिची आठवण झाली नाही. आज सामान हलवायला हात लावू म्हणून ती आली, आणि दरीकडची भिंत पाहून तिनं पहार हातात घेतली. तिथं भिंतच नव्हती. वर एक जाडजूड तुळई, दोन टोकांना दोन खांब, मधे सगळी काच.

"ही तुळई बघ," मिस्त्री पुढे येऊन म्हणाले. "हत्ती बसला तरी वाकणार नाही. बर्फासाठी छताच्या त्रिकोणी कैच्या तू सांगितल्यास त्याच्यापेक्षा जवळजवळ लावल्यात. वाऱ्यानं छत उचलू नये म्हणून प्रत्येक कैची भिंतीला पट्टीनं बांधली आहे. हे छत खाली येत नाही, सूनबाई. लिहून घे."

"छत खाली येणार नाही, बाबा. छत बाजूला जाईल. जमीन हलली की घराला खालून आडवा धक्का बसतो. वर तीन फूट बर्फ असला तर तेवढं वजन वरच्या वर डोलतं. त्याला अडवायला या बाजूला काय आहे? काच?"

"भूकंप!" बेबी हसली. "ऐकलंत? भूकंप येणार म्हणून मी खिडकी लावायची नाही."

सुनेनं दुसऱ्या भिंतीचा बोर्डही काढला. आत प्लायवूड होतं, नकाशात सांगितलं होतं तेवढंच जाड. पण खिळे यंत्राच्या बंदुकीनं मारलेले, आणि बंदुकीचा जोर इतका ठेवलेला की खिळ्यांची डोकी प्लायवूडच्या अंगात घुसून अर्ध्यात गेली होती. अशा खिळ्यानं प्लायवूड धरलेलं दिसतं, धरलेलं नसतं. तिनं बोटानं एक खिळा दाखवला. मिस्त्रींनी वाकून त्यावर अंगठा फिरवला.

"ते बंदुकीवाल्यानं केलं असेल," ते म्हणाले. "मी हातानं मारतो."

"कुणी का मारेना. मी माझी सही काढून घेतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं पालिकेला पत्र दिलं. तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली: राहायला मनाई. ट्रक माघारी गेला. बेबीची कपाटं मिस्त्रींच्या कारखान्यात लाकडाच्या थप्प्यांशेजारी जाऊन बसली, आणि बेबी, तिचा नवरा, दोन मुलं मिस्त्रींच्या घरी माडीवर.

त्या घरात सुनेचं नाव निघालं की भांडी आपटायची. नवरा रोज संध्याकाळी आईवडिलांकडे डोकावून यायचा आणि चेहरा पाडून परतायचा.

"बाबा म्हणतात, चाळीस वर्षांत माझं एक घर पडलं नाही."

"चाळीस वर्षांत इथं मोठा धक्का कधी बसला?"

"तेच तर! बसला नाही ना? मग एका सहीसाठी तू माझ्या माणसांना रस्त्यावर आणलंस."

"रस्त्यावर कुठं, माडीवर आहेत. खुशाल आहेत."

"बोलायला बरी आहेस." त्यानं ताट पुढे सारलं. "तुला बाबांना खाली बघायला लावायचं होतं. आपल्या लग्नात ते तुझ्या वडिलांना जे बोलले, त्याचा दात धरून आहेस तू."

तिनं ताट उचललं आणि मोरीत आदळलं. गोष्ट खोटी होती असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना, म्हणून राग जास्तच आला. मिस्त्रींना खाली बघावं लागलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पण म्हणून काही खिळ्यांची डोकी बाहेर येणार नव्हती.

आठवड्याभरानं भर दुपारी मिस्त्री तिच्या ऑफिसात आले. पायात कामाचे बूट, खिशाला अडकवलेली पेन्सिल. बाहेरच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. ते बसले नाहीत.

"इंजिनीअरीणबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कागदावरचे हिशेब पुरे. उद्या सकाळी कारखान्यात या. मी माझ्या पद्धतीनं भिंत करतो, तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा. चार फूट रुंद, आठ फूट उंच. दोन्ही चेनपुलीनं आडव्या ओढू. माझी कमी वजनाला गेली तर काच मी स्वतः काढतो. तुमची कमी वजनाला गेली तर सही करायची, आणि परत माझ्या कामात नाक खुपसायचं नाही."

"चालेल. पण माझ्या भिंतीचे खिळे मी मारणार."

"मारा की. अंगठा सांभाळा."

सकाळी कारखान्यात काँक्रीटचा जुना चौथरा होता, त्यावर दोन्ही भिंती उभ्या केल्या. मिस्त्रींची भिंत देखणी होती. उभे खांब रंधा मारून गुळगुळीत, आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली तिरकी पट्टी खांबांत खाच पाडून इतकी नेमकी बसवलेली की नखही शिरू नये. सुनेच्या भिंतीला एका बाजूनं प्लायवूड, कडेनं चार-चार इंचांवर खिळे, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टे, आणि तळपट्टी बोल्टांनी चौथऱ्याला आवळलेली. दोन तास हातोडा मारून तिच्या तळहाताला फोड आले होते. ती हात मुठीत धरून उभी राहिली. मिस्त्रींच्या हाताखालच्या दोन सुतारांनी पुलीच्या साखळीत मोठा वजनकाटा अडकवला. बेबी मुद्दाम खुर्ची घेऊन बसली होती, पदर खोचून, तमाशा बघायला बसावं तशी.

"आधी माझी," मिस्त्री म्हणाले.

साखळी ताणली गेली. दोनशे. तीनशे किलो. भिंत जागची हलली नाही. बेबीनं टाळी वाजवली. पाचशेला तिरक्या पट्टीतून करकर असा आवाज आला. सहाशेच्या जरा पुढे पट्टीचं खालचं टोक खिळ्यांसकट खाचेतून फटकन बाहेर आलं, खांबाचा पाय तळपट्टीवरून उचलला गेला, आणि सगळी देखणी भिंत एका बाजूला कलली. पत्त्याचा बंगला कलतो तशी, सावकाश.

मिस्त्रींनी जाऊन सुटलेल्या टोकाला हात लावला.

"बेबीच्या घराला एका भिंतीमागे हजार लागतात," सून म्हणाली. गप्प बसता आलं असतं तिला. "हजार, बाबा. आणि तिथं ही पट्टीसुद्धा नाही. नुसती काच आहे."

"तुझी ओढायची आहे अजून," मिस्त्री मान न वळवता म्हणाले. कालचं अहो-जाहो संपलं होतं.

तिच्या हिशेबात ती भिंत बाराशे घेणार होती. सहाशे सहज गेले. आठशेला प्लायवूड कुरकुरलं, पण खिळे धरून होते. तिनं बेबीकडे पाहिलं. बेबीनं नजर फिरवली. आणि नऊशेला काटा पोचला असेल नसेल, खालून लाकूड फाटल्याचा लांबच लांब आवाज आला. साखळी सैल पडली. वरचं प्लायवूड, खिळे, पट्टे, सगळं शाबूत होतं. तळपट्टी मात्र बोल्टांच्या ओळीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उभी चिरली होती. अर्धी पट्टी बोल्टांनी खाली धरून ठेवली होती आणि अर्धी प्लायवूडबरोबर वर आली होती.

आधी बेबी हसली. मग दोन्ही सुतार. आणि मग मिस्त्री खाली बसून त्या चिरेत बोट घालत हसायला लागले. त्या हसण्यात गंमत अजिबात नव्हती.

"कागदावर किती लिहिलं होतंस?"

"बाराशे."

"लागतात किती?"

"हजार."

"म्हणजे माझंही घर पडलं आणि तुझंही. माझं निदान मला माहीत नव्हतं. तू तर शिकलीस यासाठी!" ते उठले. "प्लायवूड एका बाजूनं लावलंस. ते वर ओढणार ते पट्टीच्या कडेला. बोल्ट बसलाय मधोमध, त्याच्यावर हे एवढंसं गोल वायसर." त्यांनी बोल्टाच्या नटाखालची चकती नखानं टकटक वाजवली. "कड वर, मध्य खाली. लाकूड रेषेतून फाटणार नाही तर काय करणार? लाकूड कधी हातात घेतलंयस?"

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कारण ते बरोबर होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे हीच तळपट्टी, हीच गोल चकती तिनं आणखी नऊ घरांच्या नकाशात काढली होती. त्या नऊ घरांत माणसं राहत होती.

"तुम्ही काय केलं असतंत?" तिनं विचारलं.

"आता विचारतेयस?"

"आता विचारतेय."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून फुटलेल्या पट्टीवरच रेघा मारल्या. "पट्टी दुप्पट जाड. वायसर चौकोनी, जाड पत्र्याचं, प्लायवूडच्या कडेपर्यंत पोचेल असं. कड उचलायला लागली तर वायसरनं दाबून धरली पाहिजे. आणि बोल्ट मधोमध नको, प्लायच्या अंगाला सरकव."

"बाबा!" बेबी खुर्चीवरून उठली. "तिची भिंत पडली. तिनं सही करायची असं ठरलंय!"

"माझी कमी वजनाला पडली," मिस्त्री म्हणाले. "डोळे नाहीत का तुला?"

तिसरी भिंत त्याच दुपारी उभी राहिली. लाकूड मिस्त्रींनी निवडलं, खिळे सुनेनं मारले, आणि दोघं एकमेकांना हत्यारं देत-घेत राहिले. ती साडेतेराशेला गेली. तेव्हाही फाटली नाही. खिळे वाकले, प्लायवूड सैल झालं, भिंत कलली, पण धरून राहिली. मिस्त्रींनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि हात धुवायला निघून गेले.

काच त्यांनी स्वतः काढली, बोलल्याप्रमाणे. दोन्ही कडांना चार-चार फूट भिंत उभी राहिली, बाकीच्या भिंतींचे खिळे हातोड्यानं पुन्हा मारले गेले, आणि सुनेनं रोज सकाळी येऊन एकेक बोल्ट पान्यानं तपासला. ते मिस्त्रींच्या डोक्यात जायचं. "माझ्या हातावर विश्वास नाही का?" "नाही," ती म्हणायची. मग तिनं सही केली. बेबी राहायला गेली. पण तिनं भावजयीला घरात बोलावलं नाही. मधल्या काचेतून अर्धीच दरी दिसते, असं ती येईल त्याला सांगायची आणि भिंतीकडे बोट दाखवायची. "आमच्या वहिनींची कृपा."

इकडे सुनेनं आपल्या नऊ घरांच्या मालकांना पत्रं लिहिली. आपल्या नकाशात चूक आहे, तळपट्टीचं काम नव्यानं करावं लागेल, असं सरळ लिहिलं. दोघांनी फोनवर शिव्या घातल्या. एकानं पालिकेत तक्रार केली आणि तिला तिथं चार अधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागलं. नवरा म्हणाला, "आता कळलं, नोटीस लागली की कसं वाटतं?" दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर पालिकेत आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तेवढंच.

हिवाळ्यात बर्फ पडला, ओला आणि जड. पाच दिवसांत छतांवर कमरेइतका साठला. सहाव्या दिवशी दुपारी, जेवणं चालू असताना, जमीन हलली. सून ऑफिसात होती. टेबलावरचे नकाशे घसरून खाली गेले, भिंतीतून गुरगुर असा आवाज आला आणि वीसेक सेकंदांनी थांबला. नवऱ्याचा फोन आला, मग सासूबाईंचा. बेबीचा सगळ्यांच्या शेवटी.

"काहीही झालेलं नाही," बेबी म्हणाली. तिचा श्वास अजून लागत होता. "घर जागच्या जागी आहे. कपबशीसुद्धा फुटली नाही. ऐकताय ना? काहीच झालं नाही! त्यासाठी माझी खिडकी घालवलीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सून बेबीच्या घरी गेली. मिस्त्री आधीच आले होते. चार फुटांच्या भिंतीवर, आतल्या बोर्डावर, कोपऱ्यातून तिरक्या बारीक चिरा गेल्या होत्या. दुसऱ्या कडेच्या भिंतीवरही. बाकी घरात एक ओरखडा नव्हता.

"बघा, बघा!" बेबी म्हणाली. "तुमच्याच भिंतींना तडे गेले. बाकी सगळं ठणठणीत आहे!"

सुनेनं समजावायला तोंड उघडलं. घराचा सगळा आडवा भार याच दोन तुकड्यांनी पेलला, म्हणून चिरा इथं. ते नसते तर...

"गप्प बस, बेबी," मिस्त्री म्हणाले. ते भिंतीला तळहात टेकवून उभे होते. मग सुनेकडे वळले. "आणि तूही बोलू नकोस. आपण बरोबर आहोत हे माहीत असलेली माणसं मला सहन होत नाहीत."

बेबीनं त्या चिरा बुजवू दिल्या नाहीत. कुणी आलं की दाखवायला तिला त्या हव्या होत्या.

बर्फ वितळल्यावर, एका रविवारी सकाळी, मिस्त्री सुनेच्या दारात आले. हातात शाळकरी वही. आत पेन्सिलीनं त्यांनी बांधलेल्या त्रेसष्ट घरांची यादी होती: रस्ता, घराचा रंग, कुठल्या साली बांधलं. मालकांची नावं बऱ्याच ठिकाणी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली. घरं विकली गेली होती.

"सगळी उभी आहेत," ते म्हणाले. "मी जाऊन बघून आलो. पण तिरकी पट्टीच आहे सगळीकडे. पट्टे कुठेच नाहीत." त्यांनी वही टेबलावर टाकली. "मी एकटा गेलो तर म्हणतील, म्हाताऱ्याला काम हवंय. तू एकटी गेलीस तर म्हणतील, घाबरवून सोडते. चल."

"आत्ता?"

"नाही, मी मेल्यावर."

पहिल्या घरात कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातल्या बाईंनी फाटकातूनच ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढा भूकंप झाला, काही झालं नाही. तुम्ही आता भीती विकायला आलात होय?" सून चिडून काही बोलणार, तर मिस्त्रींनी तिच्या हातातली बॅग ओढून तिला पुढे चालवलं.

तिसरं घर हिरवं होतं. त्यांनी बावीस वर्षांपूर्वी बांधलेलं. मालक मध्यमवयीन, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर आठ्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, त्यात स्वतःच्या भिंतीची सहाशेची गोष्टही सांगितली. ती त्यांनी आजवर बाहेर कुणाजवळ काढली नव्हती. सांगताना त्यांची मान खाली होती. मालकानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्ही मला घर चुकीचं बांधून दिलंत?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

"आणि ह्या कोण?"

"माझी सून. हिच्यापासूनच सुरू झालं सगळं."

मालक दोघांकडे रागानं बघत राहिला. आतून कुणीतरी विचारलं, कोण आलंय. मग त्यानं कप कठड्यावर ठेवून घराखालच्या पोकळीच्या तोंडावरची फळी दाखवली आणि स्वतः बाजूला झाला.

पोकळी जेमतेम दोन फूट उंच होती, ओली आणि अंधारी. मिस्त्री आधी शिरायला लागले. सुनेनं त्यांचा दंड धरला. "तुमचे गुडघे गेलेत. मी जाते."

"तुला काय कळतंय लाकडातलं," ते म्हणाले, आणि टॉर्च तिच्या हातात दिला.